स्टार्टरच्या डब्यातला बोर्ड

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या शिवारात विहिरीच्या कडेला खांबाला टांगलेला पत्र्याचा डबा हमखास दिसतो. आत तीन फेजच्या मोटारीचा स्टार्टर असतो आणि त्याच्या एका अंगाला तळहाताएवढा हिरवा बोर्ड बसवलेला असतो. शेतकरी त्याला नुसते ‘ऑटो’ म्हणतात. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. ती आली की हा बोर्ड तिन्ही फेज तपासतो, काही सेकंद थांबतो आणि मग मोटार सुरू करतो. थांबण्याला कारण आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या तर व्होल्टेज इतके पडते की कुठलीच धड सुरू होत नाही. डीपीवरचा एखादा फ्यूज उडून दोनच फेज उरले, तर हाच बोर्ड मोटार बंद करतो. दोन फेजवर चालणारी मोटार जास्त करंट ओढत राहते, तापते आणि जळते. रिवाइंडिंगचा खर्च आणि ऐन पाण्याच्या पाळीत वाया गेलेले दिवस ज्याने सोसले आहेत, त्याला या बोर्डाचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

याच बिडकीनच्या आणि आसपासच्या गावांच्या सुमारे ३२ चौरस किलोमीटर जमिनीवर आता ऑरिक औद्योगिक नगरीचा मोठा भाग उभा राहतो आहे. शेंद्र्याचा भाग आधी आकाराला आला. तो त्या मानाने लहान, साडेआठ चौरस किलोमीटरच्या आतला. जून २०२४ मध्ये एथर एनर्जीने विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा आपला नवा कारखाना बिडकीनला काढायचे जाहीर केले. पूर्ण क्षमतेला वर्षाला १० लाख गाड्या, असा तो आराखडा आहे. पुढच्याच महिन्यात टोयोटा किर्लोस्कर मोटरने इथे कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. विजेच्या स्कूटरमध्ये बॅटरीवर नजर ठेवणारा बोर्ड असतो, मोटारीला चालवणारा कंट्रोलर असतो, समोरचा डॅशबोर्ड असतो आणि चार्जर असतो. म्हणजे विहिरीवरच्या डब्यापासून कारखान्याच्या असेंब्ली लाइनपर्यंत, बिडकीनच्या एकाच पंचक्रोशीत सर्किट बोर्डांच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदणार आहेत.

या प्रकरणात आपण बोर्ड आखण्याचे सॉफ्टवेअर पाहू आणि उदाहरणाला ऑटोचाच बोर्ड घेऊ. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हे सॉफ्टवेअर फार ताकदीचे आहे, पण त्याला बिडकीन ठाऊक नाही. इथली धूळ, इथला मे महिना, शेवटच्या डीपीवरचे रात्रीचे व्होल्टेज, उबेसाठी डब्यात शिरणारी पाल, यांतले काहीही त्याला आपोआप कळत नाही. ते सांगणारा माणूस लागतो, आणि तो माणूस इथलाच असेल तर बोर्ड चांगला होतो.

आधी थोडे मागे जाऊ. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या पाटीवरचे नको असलेले तांबे खरवडून किंवा रसायनाने काढून टाकायचे आणि उरलेल्या पट्ट्यांनाच वायर म्हणून वापरायचे, ही कल्पना रुजवली पॉल आइस्लर या इंजिनिअरने. तो मूळचा व्हिएन्नाचा ज्यू. १९३६ मध्ये लंडनला आला आणि तिथे त्याने अशा छापील सर्किटवर चालणारा रेडिओ बनवला. पुढची कित्येक वर्षे बोर्डाचा आराखडा हाताने होत असे. पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या लावून दुप्पट किंवा चौपट आकाराचे चित्र करायचे, कॅमेऱ्याने ते लहान करून घ्यायचे. बोर्डाला दोन्ही बाजूंनी तांबे असेल तर एका बाजूला लाल पट्टी, दुसऱ्या बाजूला निळी. मग रंगीत काचेतून फोटो काढून दोन्ही बाजू वेगळ्या करायच्या. एक वायर चुकली तर ब्लेडने पट्टी सोलायची आणि शेजारच्या दहा पट्ट्या सरकवायच्या.

व्हिएन्नाच्याच आणखी एका ज्यू मुलाने, जोसेफ गर्बरने, हे काम यंत्राकडे दिले. नाझींच्या तावडीतून सुटून तो १९४० मध्ये अमेरिकेला पोचला आणि पुढे त्याच्या कंपनीने प्रकाशाने फिल्मवर रेघा काढणारे प्लॉटर बनवले. त्या प्लॉटरला दिलेल्या आज्ञांची भाषा आजही जगभर चालते. बोर्डाची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पाहा: अमुक जागेवर जा, आणि मग डी-०१ म्हणजे दिवा लावून रेघ ओढत जा, डी-०२ म्हणजे दिवा बंद ठेवून सरक, डी-०३ म्हणजे जागेवर एकदाच चमक. फिल्म आणि दिवा कधीच मागे पडले, पण बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडे आपण जे पाठवतो त्याला अजून ‘गर्बर’ फाइलच म्हणतात.

आता संगणकासमोर बसू. पहिले काम सर्किटचे चित्र, म्हणजे स्केमॅटिक. ऑटोच्या सर्किटमध्ये १२ व्होल्ट देणारा लहान ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, तिन्ही फेज ओळखणारी तीन एकसारखी सर्किटे, वेळ मोजणारी एक आयसी आणि शेवटी रिले. मोटारीचा करंट या बोर्डातून जात नाही. रिले फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवतो. सॉफ्टवेअरमध्ये चिन्हांच्या लायब्ररीतून एकेक पार्ट उचलायचा, वायरने जोडायचा. कोणती पिन कोणत्या पिनला जोडली आहे याची यादी सॉफ्टवेअर स्वतः ठेवते. तिला नेटलिस्ट म्हणतात, आणि पुढची सारी इमारत या यादीवर उभी राहते. पट्ट्या चिकटवण्याच्या काळात ही यादी माणसाच्या डोक्यात किंवा पेन्सिलने खूण केलेल्या कागदावर असायची.

सर्किट पुरे झाले की विद्युत नियमांची तपासणी चालवता येते. एखादी पिन मोकळी राहिली, दोन आउटपुट एकमेकांना भिडले, आयसीला सप्लायच दिला नाही, अशा चुका ती दाखवते. पण एक चूक तिला दिसत नाही आणि ती दरवर्षी कित्येक विद्यार्थ्यांच्या बोर्डात होते. बीसी-५४७ आणि पीएन-२२२२ हे दोन्ही साधे, स्वस्त, एकसारखे दिसणारे ट्रान्झिस्टर आहेत. स्केमॅटिकमध्ये दोघांचे चिन्ह एकच. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि दुसऱ्याचे नेमके उलट. दुकानात एक मिळाला नाही म्हणून दुसरा लावला की रिले धड ओढत नाही, आणि संगणकावरचा आराखडा मात्र निर्दोष असतो. कोणत्या चिन्हाला कोणता फुटप्रिंट, म्हणजे बोर्डावरच्या पॅडची कोणती मांडणी, हे ठरवताना डेटाशीट उघडी ठेवायची सवय म्हणूनच लावून घ्यावी लागते.

बोर्ड बनवण्याआधीच सर्किट चालवून पाहता येते. त्यासाठीच्या प्रोग्रामचे नाव स्पाइस. १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात रॉन रोहरर यांनी आपल्या वर्गाला सर्किटचे गणित संगणकाकडून सोडवून घेणारा प्रोग्राम लिहायला लावला. त्यातला एक विद्यार्थी होता लॉरेन्स नेगल. पुढे डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली त्याने तो नव्याने बांधला आणि १९७३ मध्ये स्पाइस जगासमोर आले. पेडरसन यांचा आग्रह होता की हा प्रोग्राम कोणाच्या मालकीत अडकता कामा नये. विद्यार्थी शिकून नोकरीला जाताना तो बरोबर घेऊन गेले आणि काही वर्षांत इलेक्ट्रॉनिक्सची सारी दुनिया तो वापरू लागली. या विषयातली मला सर्वांत मोठी वाटणारी घटना हीच: एका प्राध्यापकाने आपले काम खुले ठेवायचे ठरवले आणि त्याची फळे अजून आपण खातो आहोत.

स्पाइस करते काय? सर्किटमधल्या प्रत्येक जोडबिंदूपाशी आत येणारा करंट आणि बाहेर जाणारा करंट सारखा असला पाहिजे, हा किरचॉफचा नियम बारावीत सगळे शिकतात. जितके जोडबिंदू तितकी समीकरणे. डायोड आणि ट्रान्झिस्टर सरळ रेषेत वागत नाहीत, म्हणून एक अंदाज धरायचा, चूक किती येते ते पाहायचे, अंदाज सुधारायचा, असे करत उत्तर गाठायचे. मग वेळ किंचित पुढे सरकवून पुन्हा तेच. संगणक हे कंटाळा न करता लाखो वेळा करतो.

आपल्या ऑटोमध्ये मोटार सुरू होण्याआधीची प्रतीक्षा ५५५ या जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या आयसीने करायची असे समजू. एका रेझिस्टरमधून कपॅसिटर भरत जातो. तो सप्लायच्या दोन तृतीयांशाला, म्हणजे १२ पैकी ८ व्होल्टला पोचला की वेळ संपली. १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर सूत्राने ११ सेकंद येतात. स्पाइसमध्ये चालवून पाहा, पडद्यावर सुबक वळणाची रेघ चढते आणि ११ व्या सेकंदाला बरोबर ८ व्होल्टला टेकते. शंभर वेळा चालवा, शंभर वेळा ११.

डब्यात मात्र तसे होत नाही. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपण इलेक्ट्रोलायटिक घेतो आणि त्याला थोडी गळती असते. साध्या कपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये ३ मायक्रोअँपिअरपर्यंतची गळती मान्य केलेली असते. आकडा नगण्य वाटतो. पण १ मेगाओहममधून भरायला मिळणारा करंटच जास्तीत जास्त १२ मायक्रोअँपिअर आहे! ३ गळून गेले की कपॅसिटर १२ व्होल्टकडे जात नाही, ९ कडे जातो, आणि ८ व्होल्ट गाठायला त्याला ११ च्या जागी २२ सेकंद लागतात. उन्हाने गळती वाढून ४ झाली, तर तो ८ च्या जवळ जात राहतो आणि पोचत मात्र कधीच नाही. मोटार सुरू होत नाही. रात्री वीज आलेली असते, ऑटो लावलेला असतो, आणि सकाळी शेतकरी पाहतो तर वाफे कोरडे.

स्पाइस खोटे बोललेले नसते. आपण त्याला निर्दोष कपॅसिटर दिला, त्याने निर्दोष कपॅसिटरचे उत्तर दिले. कपॅसिटरला समांतर एक गळती जोडून दाखवली असती, तर त्याने हा घोळ पहिल्याच दिवशी उघडा पाडला असता. उपाय शोधतानाही ते कामाला येते. मोठा कपॅसिटर आणि लहान रेझिस्टर घेऊन सुटका होत नाही, कारण कपॅसिटरबरोबर गळतीही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. त्यापेक्षा सीडी-४०६० ही मोजणारी आयसी घ्यावी. तिला लागणारा कपॅसिटर इतका लहान असतो की तो फिल्मचा घेता येतो, आणि फिल्म कपॅसिटरला गळती नसल्यातच जमा. सेकंदाला सुमारे ८२० ठोके पडतील असे जमवले की ८,१९२ ठोक्यांनी १० सेकंद पुरे होतात.

रेझिस्टरचेही असेच. फेज ओळखायला ४१५ व्होल्टच्या लाइनवर रेझिस्टर टाकावा लागतो. ४१५ हा लाटेचा परिणामकारक (आरएमएस) आकडा. लाटेचे टोक ५८७ व्होल्टला जाते. बाजारात मिळणाऱ्या पाव वॉटच्या रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टची मर्यादा असते, मग त्यात खर्च होणारी पॉवर कितीही कमी असो. स्पाइसमध्ये त्याच रेझिस्टरवर ५,००० व्होल्ट टाकले तरी ते हू की चू करत नाही. तीन रेझिस्टर एकापुढे एक लावायचे, हे आखणाऱ्याला माहीत असावे लागते.

हे सगळे करायला लागणारे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते, आणि त्यातले एक मुंबईत तयार झाले आहे. आयआयटी मुंबईच्या पवईच्या आवारात फॉसी नावाचा प्रकल्प चालतो. शिक्षणात खुले सॉफ्टवेअर रुजवणे हे त्याचे काम. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तिथे ऑस्कॅड नावाचे साधन बांधले गेले, २०१३ मध्ये त्यावर पुस्तक निघाले, आणि पुढे त्याचे नाव ई-सिम झाले. सर्किट काढणे, ते चालवून पाहणे आणि बोर्ड आखणे, या तिन्ही गोष्टी त्यात एका जागी होतात. पोटातली मुख्य खुली साधने दोन: स्पाइसचा खुला वारस एनजी-स्पाइस आणि कायकॅड. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने कायकॅडचे छोटे छोटे व्हिडिओ धडे मराठीतही आणले. एका खिडकीत धडा, शेजारच्या खिडकीत सॉफ्टवेअर, थांबवत थांबवत स्वतः करून पाहायचे, अशी त्यांची रचना आहे. तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलीला शिक्षकाची वाट न बघता सुरुवात करता येते, ही साधी गोष्ट नाही.

कायकॅड १९९२ मध्ये ज्याँ-पिएर शारास या फ्रेंच प्राध्यापकाने ग्रेनोबलला सुरू केले. वीस वर्षांनी त्याला बळ मिळाले ते सर्न या अणुसंशोधन संस्थेमुळे. आपले बोर्ड जगातल्या कोणालाही उघडून पाहता यावेत, असे तिथल्या इंजिनिअरांना वाटत होते. त्यांनी आपली माणसे आणि पैसा कायकॅडमध्ये घातला. व्यावसायिक सॉफ्टवेअरही उत्तम आहेत: अल्टियम, कॅडेन्सचे ऑरकॅड आणि अलेग्रो, सीमेन्सचे एक्सपिडिशन. त्यांचा वर्षाचा खर्च मोठ्या कंपनीला परवडतो. मात्र सॉफ्टवेअर कोणाच्या हातात आहे याची काळजी विद्यार्थ्याने आणि लहान उद्योगाने करावी. जर्मनीतून १९८८ मध्ये आलेले ईगल जगभरच्या हौशी लोकांचे लाडके होते. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतले आणि २०२३ मध्ये ते बंद करण्याची तारीखही जाहीर करून टाकली. ज्यांचे वर्षानुवर्षांचे बोर्ड त्यात होते त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. कायकॅडची फाइल साधा मजकूर असते. उद्या कायकॅड नसले तरी ती वाचता येईल.

आता बोर्डाकडे. सगळे पार्ट कोऱ्या पाटीवर पडतात आणि त्यांच्यात बारीक सरळ रेघांचे जाळे दिसते. कोण कोणाला जोडायचा आहे ते हे जाळे सांगते. अनुभवी माणूस लगेच ट्रॅक ओढायला लागत नाही. तो पार्ट फिरवतो, सरकवतो, जाळ्यातला गुंता कमी होईपर्यंत थांबतो. ट्रॅक ओढण्याचे काम आता बरेच सुखाचे झाले आहे: कायकॅडमध्ये नवा ट्रॅक पुढे नेला की आडवे येणारे जुने ट्रॅक नियम पाळून बाजूला सरकतात. पट्टी सोलणाऱ्या पिढीला हे पाहून डोळे भरून आले असते. पूर्ण बोर्ड संगणकाने आपोआप जोडून द्यावा, यासाठीचे गणितही १९६१ पासून आहे. बेल लॅबच्या सी. वाय. ली यांनी चक्रव्यूहातून सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत सांगितली होती. तरीही ऑटोसारखा बोर्ड हातानेच आखावा, असे माझे मत आहे. पार्ट थोडे आहेत आणि चुकीची किंमत मोठी आहे.

ट्रॅक किती रुंद ठेवायचा? नेहमीच्या बोर्डावर तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन असते. चारीतून जितके पाणी न्यायचे तितकी ती रुंद खणावी लागते, तसाच हा हिशोब आहे. १ अँपिअर न्यायचा आणि ट्रॅक १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचा नाही, तर ०.३ मिलिमीटर पुरतो. १० अँपिअरला मात्र ७ मिलिमीटर लागतात. करंट दहापट झाला की रुंदी दहापटीहून बरीच जास्त वाढते, हे ध्यानात ठेवावे. स्कूटरच्या कंट्रोलरमध्ये करंट याहून कितीतरी मोठा असतो, म्हणून तिथे जाड तांबे आणि धातूच्या पट्ट्या वापरतात.

ऑटोच्या बोर्डावर खरा विचार करायचा तो अंतराचा. एकाच पाटीवर ४१५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट राहतात. हवेतून ठिणगी उडू नये म्हणून अंतर लागतेच, पण त्याहून जास्त अंतर लागते ते पाटीच्या पृष्ठभागावरून. पाटीवर धूळ बसते, पावसाळ्यात ती ओलावा धरते, त्या थरातून करंट झिरपू लागतो, हळूहळू पाटी करपते आणि काळी वाट तयार होते. आंतरराष्ट्रीय मानकात याचे कोष्टक आहे. आपल्या नेहमीच्या फायबर ग्लासच्या पाटीला ४०० व्होल्टच्या ओळीत, स्वच्छ जागेसाठी ४ मिलिमीटर दिले आहेत. धूळ आणि दमट हवेसाठी त्याच ओळीत ६.३ मिलिमीटर आहेत. ४१५ ला याहून किंचित जास्त. यातला कोणता रकाना घ्यायचा हे कोष्टक सांगत नाही. बंगळुरूच्या वातानुकूलित खोलीत बसून ४ लिहिणारा इंजिनिअर अडाणी नसतो. त्याने पैठण रोडवरचा, तळाशी मुंग्यांनी माती साठवलेला डबा पाहिलेला नसतो. मी ६.३ चाच रकाना घेईन. आणि विहिरीतले पाणी संपले हे कळवणारी सेन्सरची वायर डब्याबाहेर जाणार असेल, तर तिला माणसाचा हात लागू शकतो. तिथे हे अंतर दुप्पट.

ठरवलेला आकडा सॉफ्टवेअरमध्ये नियम म्हणून भरायचा. फेजचे सगळे ट्रॅक एका वर्गात टाकायचे आणि त्या वर्गाला सांगायचे की बाकी कोणापासूनही इतके दूर राहा. मग तपासणी चालवली की सॉफ्टवेअर एक जागा हमखास दाखवते: ऑप्टोकपलर. फेजची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये फक्त प्रकाशाने निरोप नेणारा हा चिमुकला पार्ट. त्याच्या पायांच्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर अंतर असते, पण १.६ मिलिमीटरचे पॅड धरले की मधे उरतात ६.०२. म्हणजे नियमाला कमी! उपाय सोपा आहे. ऑप्टोच्या पोटाखाली पाटीला आरपार खाच पाडायची. करंटला आता खाचेला वळसा घालून जावे लागते. खाच किमान दीड मिलिमीटर रुंद हवी, नाहीतर धुळीच्या ठिकाणी ती धरली जात नाही. पाय फाकवलेला, १०.१६ मिलिमीटरचा ऑप्टोही मिळतो. सगळे झाल्यावर बोर्डाला वार्निशसारखा लेप द्यावा, मुंग्या आणि ओल दोन्हींसाठी.

उष्णतेचा हिशोब तर सॉफ्टवेअर विचारतही नाही. मे महिन्यात उन्हातल्या बंद डब्याच्या आत ६५ अंश धरू. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर लिहिलेले असते ८५ अंश किंवा १०५ अंश, आणि त्या तापमानाला आयुष्य साधारण २,००० तास. तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट, असा ठोकताळा आहे. ८५ चा कपॅसिटर ६५ अंशांना ८,००० तास टिकतो, १०५ चा ३२,००० तास. दिवसाला ८ तास वीज धरली तर पहिला पावणेतीन वर्षांत थकतो, दुसरा जवळपास अकरा वर्षांनी. बाराही महिने मे नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोघेही जास्त टिकतील, पण चौपटीचा फरक तसाच राहतो. किमतीतला फरक मात्र काही पैशांचा. पार्टच्या यादीत ‘१०५’ हे तीन अंक लिहिणे एवढेच काम असते, आणि ते विसरले जाते.

यानंतर गर्बर आणि भोकांची फाइल काढून कारखान्याकडे पाठवायची. पाठवण्याआधी ती वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून एकेक थर पाहावा, कागदावर खऱ्या आकारात छापून त्यावर खरे पार्ट ठेवून बघावेत. रिलेचे पाय भोकांवर बसत नाहीत, हे कागदावर कळलेले बरे. बोर्ड हातात आला की थेट फेज देऊ नये. आधी बाहेरून १२ व्होल्ट देऊन कमी दाबाची बाजू चालवून पाहावी. मग फेज देताना वायरमन लोकांची जुनी युक्ती वापरावी, सिरीज बल्ब. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असल्यामुळे २३० व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक लावायचे. बोर्डात शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतात आणि बोर्ड वाचतो.

छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात आज नाइलिट नावाने ओळखली जाणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिची सुरुवातच इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवण्यासाठी झाली, आणि बोर्ड आखण्याचे शिक्षण मराठवाड्यात तिने कित्येक वर्षांपूर्वीच आणले. बिडकीनचे कारखाने सुरू होतील तेव्हा जोडणी करणारे हात लागतील, तपासणी करणारे लागतील. एथरसारखी कंपनी आपल्या गाडीचा बॅटरी बोर्ड आणि डॅशबोर्ड स्वतः आखते, पण ते काम बंगळुरूला होते. इथल्या मुलामुलींनी आखणीच्या खोलीतही बसावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर त्यांच्याजवळ आहे आणि बंगळुरूच्या खोलीत नसलेली माहितीही आहे.

ती माहिती सॉफ्टवेअरमध्ये घालण्याचा एक मार्ग सांगून थांबतो. एनजी-स्पाइसमध्ये व्होल्टेजचा असा स्रोत मिळतो, ज्याला वेळ आणि व्होल्टेज यांच्या जोड्यांची यादी देता येते. दोन बिंदूंच्या मध्ये तो सरळ रेघ धरतो. निलजगावकडच्या एखाद्या शेवटच्या डीपीवर व्होल्टेज नोंदणारे यंत्र रात्रभर लावून ठेवावे. वीज येते तो क्षण, साऱ्या मोटारी उठताना पडलेला खड्डा, मध्येच गेलेला फेज, पहाटे चढलेले व्होल्टेज, सगळे आकडे त्यात येतील. ती फाइल स्रोत म्हणून जोडायची, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला ४ मायक्रोअँपिअरची गळती लावायची, तापमान ६५ अंश लिहायचे आणि सर्किट चालवायचे. ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट त्या खड्ड्यात ८ वर घसरले तर रिले धरून राहतो की सोडतो, हे बोर्ड बनण्याआधीच पडद्यावर दिसेल. आणि सोडत असेल तर ब्रिजनंतरचा कपॅसिटर किती वाढवायचा, तेही तिथेच ठरवता येईल.